पुण्याची तारीख अडीच महिन्यांनंतरची, तोवर लेकराचं काय करू?

‘ताई, नमस्कार. आम्ही केज तालुक्यातले. घरची शेती आहे आणि यांचं कृषी सेवा केंद्र आहे. मुलगा नववीला आहे. सातवीपर्यंत गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत होता, पहिल्या तिनात नंबर असायचा. आठवीला तालुक्याला सेमीला घातला. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेचं नावच घेत नाही. सकाळ झाली की लेकरू पोट धरून बसतं, उलटी काढतं. शाळेची वेळ टळून गेली की दुखायचं थांबतं. लहान मुलांच्या डॉक्टरांना दाखवलं, रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, काहीच निघालं नाही. त्यांनीच मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा म्हणून सांगितलं. माझ्या भावानं पुण्याला लहान मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे नंबर लावला, तर अडीच महिन्यांनंतरची तारीख मिळाली. याचे पप्पा म्हणतात नाटकं आहेत, दोन ठेवून दिल्या की जाईल. एकदा दिल्याही. सासूबाई म्हणतात बाहेरचं बघून घ्या. आता तो रात्री तीनपर्यंत मोबाईल बघतो, दुपारी उठतो, कुणाशी बोलत नाही. परवा म्हणाला, “मी नसतो तर बरं झालं असतं.” त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. धाकटी चौथीला आहे, तीपण आता माझं पोट दुखतंय म्हणते. हे अडीच महिने कसे काढू? आणि कुठल्या डॉक्टरकडे जायचंय हे त्याला कसं सांगू?’
— एक आई

ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य आधी घेते, बाकीचं नंतर बोलू. ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ हे वाक्य. पुण्याची तारीख घेतली तेव्हा तो हे बोललेला नव्हता. आता बोलला आहे, म्हणजे ती तारीख ज्या हिशेबानं घेतली तो हिशेबच बदलला. पत्र वाचून झालं की आजच, घरात जरा निवांत असताना, त्याच्याशेजारी बसा आणि विचारा, ‘परवा तू असं म्हणालास. तुला मरून जावंसं वाटतं का रे? स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?’ असंच विचारा, आडून नको. विचारलं तर नसलेलं त्याच्या डोक्यात भरेल, अशी भीती जवळजवळ प्रत्येक आईला वाटते. तसं होत नाही. उलट इतके दिवस जे एकट्यानं वागवलं ते कुणीतरी ओळखलं म्हणून मुलं मोकळी होतात. तो काहीही म्हणाला तरी त्याच्यासमोर कोलमडू नका आणि ‘असं बोलू नये’ असंही म्हणू नका. ‘सांगितलंस ते फार बरं केलंस’ एवढं म्हणा आणि जवळ बसून राहा.

‘हो’ म्हणाला, किंवा कसं, कधी याचाही त्यानं विचार केलेला दिसला, तर त्याला क्षणभरही एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी अंबाजोगाईला घेऊन जा. तिथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अपघात विभाग रात्रंदिवस चालू असतो. त्याला नंबर लागत नाही, तारीख लागत नाही. गाडीची सोय नसेल तर १०८ ला फोन करा. स्वतःला काही करून घेतलं, खाणंपिणं बंद केलं, दोन-तीन रात्री झोपच नाही, कानात आवाज येतात म्हणाला, ओळख न राहिल्यासारखं वागायला लागला, तरी हेच करायचं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे अशा वेळी कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर पहिले ७२ तास तातडीचे उपचार करू शकतो, त्यासाठी तो मानसोपचारतज्ज्ञच असावा लागत नाही. तेव्हा ‘आमच्याकडे मनाचे डॉक्टर नाहीत’ म्हणून दारातून कुणी परत पाठवायला लागलं तर परत फिरू नका.

आणि त्याच्याशी बोलायच्याही आधी एक काम याच्या पप्पांना करायला सांगा. फवारणीची जी काही औषधं घरात, गोठ्यात, शेतातल्या खोलीत असतील ती सगळी आज दुकानात न्या आणि कुलपात ठेवा. दुकानाची किल्ली आणि त्या कुलपाची किल्ली मुलाला सापडेल अशा खुंटीवर नको. घरातल्या गोळ्याही, सासूबाईंच्या बीपी-शुगरच्या धरून, तुमच्या ताब्यात असू द्या. मुलावर अविश्वास म्हणून हे करायचं नाही. मनातली ती लाट पुष्कळदा थोड्याच वेळाची असते, आणि त्या वेळात हाताशी काही लागलं नाही तर ती ओसरते. तुमच्या धंद्यात हे रोज हाताळलं जातं, सवयीनं त्याचं भय उरत नाही, म्हणून एवढं बजावून सांगते आहे.

आता अडीच महिन्यांचं.

पुण्याचे डॉक्टर मुद्दाम कुणाला थांबवत नाहीत. डॉक्टर व्हायला साडेपाच वर्षं, मानसोपचाराच्या एमडीला तीन, आणि फक्त मुलांच्या मानसोपचारात डीएम करायचं तर आणखी तीन. एवढं शिकलेली माणसं देशात थोडी, आणि ती मोठ्या शहरांत. २०१५-१६ मध्ये बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनं देशातल्या १२ राज्यांत पाहणी केली होती, तेव्हा १३ ते १७ वयातल्या ७.३ टक्के मुलांना उपचार लागावेत असा काहीतरी मानसिक त्रास होता. वर्गात पन्नास मुलं धरली तर तीन-चार झाली. आणि देशात मानसोपचारतज्ज्ञ किती, तर लाख माणसांमागे एकसुद्धा नाही, ०.७५. त्यात मोठ्यांचे रोगी, दारूचे रोगी, म्हातारपणाचे विसराळू, सगळे आले. या गणितात केजच्या मुलाला पुण्याची तारीख लवकर मिळेल कशी?

पण ताई, पहिल्याच दिवशी मुलांचे खास डॉक्टर लागतात असं तुम्हाला वाटलं, तिथं गाडी अडली. चौदा वर्षांच्या मुलाची भीती, उदासी, झोप हे कुठलाही मानसोपचारतज्ज्ञ बघू शकतो. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग असावाच लागतो, आणि तुमच्यापासून अंबाजोगाई तासाभरावर आहे. मुलगा काही विपरीत बोलला नाही, तुम्ही विचारल्यावर ‘नाही’ म्हणाला, तरीसुद्धा पुढच्या दोन-तीन दिवसांत तिथल्या बाह्यरुग्ण विभागात जा. सकाळी लवकर पोचा, केसपेपर काढा. तिथं गर्दी असेल, बाकावर बसायला जागा मिळेलच असं नाही. आत गेल्यावर आधी शिकाऊ डॉक्टर बघतील, मग मोठे. दर खेपेला तोच डॉक्टर भेटेल असंही नाही. हे आधीच सांगते, म्हणजे पहिल्या दिवशीच ‘इथं काही खरं नाही’ म्हणून तुम्ही परत फिरायच्या नाहीत. बाहेर पडण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या: इथं मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवा अधीक्षक आहेत का, आणि मुलाशी सलग अर्धा तास बोलायला ते कुठल्या वारी वेळ देतील. औषध दिलं तर ते कशाचं, किती दिवसांनी लागू पडतं, अचानक बंद केलं तर काय होतं, हेही विचारा. शेजारच्या कुणाला लागू पडली म्हणून झोपेची गोळी मेडिकलमधून आणून देऊ नका.

पुण्याची तारीख मात्र सोडू नका. भावाला तिथं फोन करून सांगायला लावा की मुलगा असं असं बोलला आहे. ते ऐकून पुष्कळ ठिकाणी मधेच घेतात. शिवाय कुणी रद्द केलं तर आम्हाला कळवा, आम्ही आदल्या रात्री निघू शकतो, असंही सांगून ठेवा. डॉक्टरांच्या हाताखाली मानसशास्त्रज्ञ असतील तर त्या आधी फोनवर किंवा व्हिडिओवर बोलतील का, तेही विचारा. विचारणाऱ्याची तारीख अलीकडे येते, हे मी अनेकदा पाहिलं आहे, आणि न विचारणारी माणसं बहुतेक खेड्यातली असतात याचं मला वाईट वाटतं.

रात्री तुमचा डोळा लागत नाही तेव्हासाठी १४४१६ हा नंबर लिहून घ्या. ‘टेलिमानस’ ही सरकारी सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, पैसे पडत नाहीत, मराठीतून बोलता येतं, चोवीस तास. समुपदेशक फोन घेतात आणि गरज वाटली तर पुढे तज्ज्ञांना जोडून देतात. मुलानं फोन करावा अशी वाट बघू नका, तुम्हीच करा. ‘माझा मुलगा असा आहे, मी काय करू’ एवढं म्हटलं तरी पुरतं.

एक वही घाला, शंभर पानी. रोज चार ओळी: कधी झोपला, कधी उठला, काय खाल्लं, पोट किती वाजता दुखलं, किती वाजता थांबलं, कुणाचा विषय निघाल्यावर चेहरा उतरला. त्यात तुमचं मत लिहू नका, ‘आळशीपणा केला’ वगैरे नको, जे घडलं तेवढंच. अंबाजोगाईला डॉक्टरांकडे दहा मिनिटं असतील, पुण्याला चाळीस असतील. दोन्हीकडे तुम्ही रडत रडत आठवून सांगण्यापेक्षा ही वही डॉक्टरांच्या हातात दिली तर अर्धं काम झालेलं असतं. सोनोग्राफीचा, रक्ताचा रिपोर्ट आणि सहावी-सातवीचं प्रगतिपुस्तकही बरोबर न्या.

आता पोटाचं सांगते, कारण घरातलं सगळं भांडण त्या पोटावरून आहे. त्याचं पोट खरंच दुखतं. भीती वाटली की आतड्याला पीळ पडतो, मळमळतं, हे तुमचं-माझंही होतं, मुलाखतीला जाताना, ऑपरेशनच्या आदल्या रात्री. शाळेची वेळ टळली की भीती उतरते, म्हणून दुखणं थांबतं. याचे पप्पा त्यालाच नाटक म्हणतात. पण नाटक करणारा पोरगा दुपारी उठून खेळायला पळाला असता, मित्रांत गेला असता. हा कुणाशीच बोलत नाही. आणि प्रत्येक दिवशी घरी राहिल्यावर जी सुटका मिळते ना, तीच दुसऱ्या दिवशीची भीती वाढवते. म्हणून ‘राहू दे, बरा झाला की जाईल’ हेही चालत नाही आणि मारून पाठवणं तर त्याहून नाही. यांनी ज्या दोन ठेवून दिल्या, त्यानंतर तो घरातही गप्प झाला का, हे आठवून बघा. मला वाटतं झाला असेल. याच्या पप्पांना हे पत्र वाचून दाखवा. त्यांना एवढंच सांगायचं आहे की त्यांनी मुलापाशी जाऊन ‘मी चुकलो, तुला दुखतंय ते मला कळलं नव्हतं’ असं म्हटलं, तर त्या एका वाक्यानं पोरगं जेवढं सावरेल तेवढं आपल्या दहा उपायांनी नाही. बापाच्या तोंडून हे ऐकायला मुलगे किती आसुसलेले असतात ते मी बावीस वर्षं शाळेत समुपदेशक म्हणून पाहिलं आहे.

तो कशाला भितो आहे, हे मला इथून कळणार नाही. अंदाज सांगते. गावच्या शाळेत पहिल्या तिनातला मुलगा सेमीला गेला की गणित आणि विज्ञान एकदम इंग्रजीतून येतं. आठवी कशीबशी निघते, नववीत धडे अवघड होतात आणि मुलगा वर्गात गप्प बसायला लागतो. ज्याचा नंबर यायचा त्याला हे फार लागतं. नापास होणाऱ्याला मदत मागायची सवय असते, हुशार मुलाला नसते. दुसरं कारण मुलांकडूनच होणारा त्रास. खेड्यातून आला म्हणून बोलण्यावरून चिडवणं, स्वच्छतागृहात गाठणं, मोबाईलवर काही फिरवणं. दिवाळीच्या आधीच्या दोन आठवड्यांत नेमकं काय घडलं, हे त्याच्या एखाद्या जुन्या मित्राला घरी चहाला बोलावून विचारा. कुणी मोठ्यानं अंगाला हात लावला असेल अशी पुसटशी शंका आली, तर थांबू नका, १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर आहे, तिथं फोन करा.

वर्गशिक्षकांना तुम्ही स्वतः भेटा, तेही शाळा सुटल्यावर, चारचौघांत नको. हजेरी भरत नाही म्हणून नाव कमी करू नका, उपचार चालू आहेत, डॉक्टरांचा कागद आणून देते, असं सांगा. मग डॉक्टरांनी होकार दिला की शाळा तुकड्यातुकड्यानं सुरू करायची. रविवारी संध्याकाळी, शाळेत कुणी नसताना, फाटकापर्यंत फिरायला जाऊन यायचं. चार दिवसांनी दप्तर न घेता ग्रंथालयात एक तास. मग त्याला आवडेल तो एकच तास, मराठीचा असेल, पीटीचा असेल, आणि परत घरी. त्या वेळी कुणीतरी एक शिक्षक दारात घ्यायला उभे असले पाहिजेत. पूर्ण दिवस बसायला दीड-दोन महिने लागले तरी चालेल. मागे सरकला तर आदल्या पायरीवर दोन दिवस जास्त थांबायचं. नववीचं वर्ष गेलं तर गेलं, ताई. हे म्हणताना तुमच्या पोटात कालवलं असेल हे मला माहीत आहे.

मी एकदा उलटं सांगितलं होतं. एका दहावीतल्या मुलीची आई नोव्हेंबरात माझ्याकडे आली होती. मुलगी जेवत नाही, रात्री रडते म्हणाली. डॉक्टरांकडे न्यायचं तर बोर्डाचा अभ्यास बुडेल म्हणून मीच म्हटलं, ‘परीक्षा होऊ द्या, मग नीट बघू.’ मार्चमध्ये ती मुलगी परीक्षेला बसूच शकली नाही. पुढे तिच्यावर उपचार झाले, ती बरी झाली. पण नोव्हेंबर ते मार्च तिनं जे सोसलं, ते माझ्या सांगण्यावरून सोसलं. तुमचं पत्र आल्यावर मी हातातलं बाकीचं बाजूला ठेवलं, ते त्या मुलीमुळे.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांना नातवाची दृष्ट काढायची असेल तर काढू द्या, अंगारा लावायचा तर लावू द्या, त्यात माया आहे. पण भगताकडे नेऊन उपाशी ठेवणं, मारणं, धुरी देणं याला ठाम नाही म्हणा. तसं करणाऱ्याविरुद्ध आपल्या राज्यात २०१३ पासून कायदा आहे. आणि सासूबाईंना एक काम सोपवा: दुपारी तो उठला की त्याच्यासोबत जेवायला बसायचं, शाळेचा विषय न काढता. आजीसमोर मुलं बोलतात.

मोबाईल एकदम हिसकावून घेऊ नका, सध्या त्याचा तेवढाच एक धागा बाहेर आहे. आधी उठायची वेळ धरा. रोज अर्धा तास अलीकडे, उठला की चेहऱ्यावर ऊन आलं पाहिजे, शेतावर चक्कर मारून आणा. उठायची वेळ सरकली की झोप आपोआप मागे येते. मग रात्री अकराला सगळ्यांचे मोबाईल, तुमचे आणि याच्या पप्पांचेही, स्वयंपाकघरात एका डब्यात.

त्याला काय सांगायचं, हा तुमचा शेवटचा प्रश्न. खोटं सांगून नेऊ नका. मामाकडे जायचंय म्हणून गाडीत बसवलं आणि दवाखान्यासमोर उतरवलं, तर तो डॉक्टरांपुढे तोंड उघडणार नाही, आणि पुढं तुमच्यावरही विश्वास ठेवणार नाही. आदल्या दिवशी सांगा: ‘तुझं पोट दुखतं ते खरं आहे, हे मला आता कळलंय. पोटाच्या डॉक्टरांना त्याचं कारण सापडलं नाही. भीतीनं पोट दुखतं त्याचे वेगळे डॉक्टर असतात, उद्या त्यांच्याकडे जाऊ. तुला एकट्याला बोलायचं असेल तर मी बाहेर बसेन. तिथं तुला कुणी वेडा म्हणणार नाही.’ नाही म्हणाला तर संध्याकाळी पुन्हा विचारा. तरीही आला नाही, तर वही घेऊन तुम्ही एकट्या जा. आई आधी येऊन बोलली तरी डॉक्टरांना पुढची दिशा देता येते.

राहिली धाकटी. पत्रात तिच्यावर तुम्ही एकच ओळ लिहिली आहे. घरात सगळ्यांचं लक्ष दादाच्या पोटाकडे आहे, म्हणून तिचंही दुखायला लागलं, एवढंच असावं. तिला दटावू नका. दादाला बरं नाही, त्याला बरं करायचं काम मोठ्या माणसांचं आहे, तुझं नाही, असं तिला सांगा. आणि सकाळी तिची वेणी घालता तेवढा वेळ दादाचा विषय काढू नका, तिच्या वर्गात काल काय झालं ते विचारा.